वराहाचे मूळ आणि कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, असा आपल्याकडे जुना दंडक आहे. तो घालणाऱ्या शहाण्या पूर्वजांच्या मनात त्या वेळी डुकराचा विचार नसावा. डुकराचे कूळही विचारावे आणि मूळही विचारावे. इतकेच नव्हे, तर त्याची लांबी, उंची व वजन यांचीही मोकळेपणाने चौकशी करावी, असे आमचे ठाम मत झाले आहे. या मतापायी रायपूरच्या आमच्या मित्रमंडळीत आमची थोडीफार थट्टा होते. साहित्य, संगीत, नाटक असे एकाहून एक सरस विषय समोर असताना चांगल्या घरच्या माणसाने बैठकीत डुकराचा विषय काढावा, हे त्यांना रुचत नाही. पण आम्ही ज्या मुलखात राहतो तो धानाचा मुलूख आहे. धान पिकते तेथे डुक्कर येते, आणि डुक्कर येते तेथे शंका येते. ती शंका तशीच राहिली म्हणजे गरीब माणसाचे काय होते, हे एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर हा विषय आम्हांला थट्टेचा वाटेनासा झाला.

दसरा उलटून धानाच्या लोंब्या ओणवू लागल्या, की रायपूरच्या आसपासच्या गावांतून वार्ता येऊ लागतात. अमक्या गावी रानडुक्कर उतरले, तमक्याचे अर्धे शेत एका रात्रीत लोळवले, अमुक माणूस त्याच्या मुसंडीतून थोडक्यात वाचला. या वार्तांचा एक नियम आमच्या ध्यानात आला आहे. डुक्कर शेतापासून जसजसे दूर जाते तसतसे ते वाढते. गावात जे वासराएवढे असते ते मंदिर हसौदच्या नाक्यावर म्हशीएवढे होते, आणि रायपूरच्या गोल बाजारातील एखाद्या दुकानात पोचेपर्यंत त्याची हत्तीशी तुलना सुरू झालेली असते. त्याच्या या वाढीला धान लागत नाही, श्रोते लागतात.

सांगणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण वराहाच्या वाढीला आपल्याकडे फार मोठ्या ठिकाणचा आधार आहे. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात ब्रह्मदेवाच्या नाकपुडीतून अंगठ्याएवढे वराहाचे पिल्लू बाहेर पडते आणि पाहता पाहता आकाशात हत्तीएवढे होते. सूकराचे रूप घेऊन आलेला हा दिव्य प्राणी कोण, असा प्रश्न भोवतीच्या ऋषींनाही पडतो. म्हणजे वराहाचा आकार आणि त्याचा उगम या दोहोंविषयीची शंका पुराणाइतकी जुनी आहे. मूर्तिकारांनीही या बाबतीत हात आखडता घेतला नाही. सागर जिल्ह्यातील एरण येथे हूण राजा तोरमाण याच्या काळचा लेख अंगावर वागवणारा दगडी वराह सुमारे अकरा फूट उंच आहे. इकडे रायपूरहून राजिमला गेले, की राजीवलोचनाच्या प्राकाराच्या चार कोपऱ्यांत जी चार लहान देवळे आहेत त्यांपैकी एक वराहाचे आहे. तेथे हात जोडताना वजनाचा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही, आणि येऊही नये. पृथ्वी उचलणाऱ्याला कोणत्या काट्यावर घालणार? अडचण एवढीच, की शेतात उतरलेल्या डुकरालाही आपण त्याच श्रद्धेने मोजतो.

छत्तीसगढी बोलीत रानडुकराला ‘बरहा’ म्हणतात. ‘वराह’ या शब्दाचेच ते घरगुती रूप आहे. पाळलेल्या डुकराला मात्र ‘सूरा’ म्हणतात. एकाच जातीच्या प्राण्याला अशी दोन नावे. एक देवळातून आलेले, दुसरे उकिरड्यावरून. या दोन नावांतील अंतर किती, हाच आमच्या चौकशीचा विषय आहे.

प्रथम आकाराचे पाहू. भारतीय रानडुकराचा पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी सुमारे तीन फूट भरतो. त्याचे वजन सामान्यतः शंभर-सव्वाशे किलोंच्या आसपास असते. क्वचित एखादा मातबर एकांडा नर दोनशेच्या वर जातो. एवढे वजन, परस्परांवर घासून धार आलेले सुळे, आणि मागचा-पुढचा विचार न करता येणारी मुसंडी एवढ्या गोष्टी माणसाला आडवा करायला पुरेशा आहेत. त्याला मोठा करून सांगण्याची मुळात गरजच नाही. तरी तो मोठा होतो, कारण मोजण्याच्या रीती अनेक आहेत. मेलेल्या जनावराच्या नाकाशी आणि शेपटीच्या टोकाशी खुंट्या ठोकून त्यांच्यामधले सरळ अंतर मोजता येते. किंवा पाठीच्या चढउतारावरून फीत फिरवूनही मोजता येते. दुसऱ्या रीतीने काही इंच फुकट पदरात पडतात. वाघांच्या शिकारीच्या काळात शिकाऱ्यांचे निम्मे वाद या दोन रीतींवरून होत. त्यात रानडुकराच्या मानेपासून पाठीवर जाणारी राठ आयाळ भीतीने किंवा रागाने उभी राहिली, म्हणजे कंदिलाच्या उजेडात ते चार बोटे अधिक उंच दिसते. छायाचित्राची कथा तर विचारूच नये. डुक्कर पुढे निजवले आणि शिकारी चार पावले मागे सरून बसला, की कोणतेही जनावर त्याच्या दुप्पट होते. त्यासाठी खोटे बोलावे लागत नाही. फक्त मागे सरावे लागते.

हा दोष आपल्याकडचाच आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात अलापाहा या गावी २००४ साली एक प्रचंड डुक्कर मारले गेले. बारा फूट लांब आणि हजार पौंड वजनाचे, असा त्याचा लौकिक जगभर पसरला, आणि ‘हॉगझिला’ या राक्षसी नावाने ते ओळखले जाऊ लागले. पुरावा म्हणून एक छायाचित्र होते. डुक्कर तर पुरून टाकलेले होते. नॅशनल जिऑग्राफिकच्या तज्ज्ञांनी ते उकरून काढले. तपासाअंती लांबी सुमारे आठ फुटांवर आली आणि वजन सुमारे आठशे पौंडांवर आले. हेही काही थोडे नव्हे. पण आनुवंशिक तपासणीत जे निघाले ते अधिक बोलके होते. त्या डुकराच्या रक्तात रानडुकराबरोबरच हॅम्पशायर नावाच्या पाळीव जातीचाही अंश होता. पुढे २००७ साली अलाबामा राज्यात एका अकरा वर्षांच्या मुलाने १,०५१ पौंडांचे ‘रानडुक्कर’ मारल्याची वार्ता झळकली. काही दिवसांतच उघड झाले, की त्या डुकराचे नाव फ्रेड होते, ते एका शेतावर लाडाने वाढले होते, आणि शिकारीच्या चारच दिवस आधी ते कुंपण घातलेल्या शिकारी रानाच्या मालकाला विकण्यात आले होते. चार दिवसांत फ्रेड रानटी झाला. माणसाला इतक्या लवकर संन्यासही साधत नाही.

अमेरिकेतील या शंकेला एक इतिहास आहे. त्या खंडात डुक्कर मूळचे नाहीच. १५३९ साली दे सोतो या स्पॅनिश सरदाराने फ्लोरिडात आपल्या सैन्याबरोबर डुकरे नेली. त्यांतली सुटली ती रानात वाढली. १९१२ साली नॉर्थ कॅरोलिनातील एका शिकारी रानासाठी युरोपातून खरी रानडुकरे आणली गेली. तीही कुंपण मोडून पळाली. पुढे या दोन्ही वंशांची सोयरीक जुळली. त्यामुळे तेथील कोणतेही डुक्कर आपण रानचे आहोत असे सांगू लागले, तर त्याच्या आजीचा पत्ता विचारावाच लागतो.

मोठेपणावर माणूस किती लवकर विश्वास ठेवतो, आणि लहानपणाकडे किती सहज डोळेझाक करतो, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. हिमालयाच्या पायथ्याशी उंच गवतात राहणारे एक चिमुकले रानडुक्कर हॉजसन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४७ साली शास्त्रजगताच्या नजरेस आणले. खांद्याशी जेमतेम वीतभर उंच, वजनाने सात-आठ किलो. पुढे त्याच्याकडे कोणाचे फारसे लक्ष राहिले नाही, आणि एके काळी ते नामशेषच झाले असे मानले गेले. १९७१ साली आसामात ते पुन्हा सापडले. बारा फुटी डुकराला एक छायाचित्र पुरते. वीतभर डुकराला आपण जिवंत आहोत हे पुन्हा सिद्ध करावे लागते.

आता उगमाचा प्रश्न. तो आकाराहून कठीण आहे. पुस्तकात दोघांचे वेगळेपण सोपे दिसते. रानडुकराचे डोके लांब व उतरते, मुस्कट सरळ, कान लहान आणि ताठ, शेपूट सरळ व गोंडेदार, अंग पुढून भारी आणि मागून हलके. पाळीव डुकराचे मुस्कट आखूड व खोलगट, शेपूट वळलेले, पोट सुटलेले. रानातील पिलांच्या अंगावर पट्टे असतात. पाळीव पिलांवर ते बहुधा नसतात. पण हे वर्णन विलायती पांढऱ्या डुकराला लागू पडते. आपल्या गावठी डुकराला कोणी पुस्तक वाचून घडवलेले नाही. तेही काळे, तेही राठ केसांचे, तेही लांब तोंडाचे. ते दिवसा वस्तीत हिंडते, रात्री नाल्याच्या झुडपात राहते, आणि रानातला नर त्याच नाल्याने खाली उतरला तर दोघांत जातिभेद उरत नाही. होणारी संतती धडधाकट असते आणि तिलाही पुढे संतती होते. डार्विनने १८६८ सालच्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे, की जमैकात रानात गेलेल्या पाळीव डुकरांच्या पिलांवर पट्टे पुन्हा उमटू लागले. घर सोडून रानात गेलेला प्राणी पिढ्या दोन पिढ्यांत रानाचा पोशाख चढवतो.

विज्ञानाची मदत घ्यावी, तर तेथेही आपली वाट अवघड आहे. पश्चिम युरोपातील पुष्कळ रानडुकरांच्या पेशीत ३६ गुणसूत्रे असतात, पाळीव डुकरांच्या पेशीत ३८. दोघांच्या संकराच्या पहिल्या पिढीत ३७. तेथे केवळ मोजणीनेही पुष्कळ कळते. आपल्याकडच्या रानडुकराची गुणसूत्रेही ३८ असल्यामुळे ही साधी मोजणी येथे निरुपयोगी ठरते. मुळातच दोघे एका वंशाचे. ग्रेगर लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखवले, की युरोप-आशियाच्या विस्तीर्ण पट्ट्यात रानडुकराला एकाहून अधिक ठिकाणी स्वतंत्रपणे माणसाळवण्यात आले. तेव्हा गावठी डुक्कर म्हणजे घरी येऊन राहिलेले रानडुक्कर, आणि सुटलेले डुक्कर म्हणजे माहेरी परतलेले गावठी डुक्कर. प्रश्न रक्ताचा म्हणावा तेवढा नाहीच; प्रश्न असा आहे, की या डुकराला मालक आहे की नाही?

हे सारे आम्हांला एरवी पुस्तकी ज्ञान म्हणून राहिले असते. काही वर्षांपूर्वीच्या एका कार्तिकात त्याला माती लागली. आरंगच्या बाजूला, मुख्य रस्त्यापासून बरेच आत, आमच्या एका परिचिताची थोडी शेती आहे. त्याच्या शेजारच्या शेतकऱ्याच्या बांधाजवळ एक प्रचंड बरहा मरून पडला आहे, असा सकाळीच निरोप आला. आम्ही शिक्षकी पेशातले. जाताना घरातली शिवणकामाची फीत खिशात टाकली. पोचलो तेव्हा पन्नास-साठ माणसे जमली होती. डुक्कर काळे, राठ केसांचे आणि खरोखरच भरदार होते. कोणी सहा फूट म्हणत होते, कोणी सात. वजन तीन क्विंटलांपासून बोलीला लागले होते. दोन तरुण त्याच्या मागे अंतर राखून बसून फोनवर छायाचित्रे काढवून घेत होते. आम्ही दोन काटक्या रोवून सरळ अंतर मोजले. शेपटीखेरीज चार फूट नऊ इंच भरले. खांदा अडीच फुटांच्याही खालीच राहिला. जमावाला हे आवडले नाही. एकाने तर मेल्यावर जनावर आक्रसते, असाही खुलासा केला.

बांधापलीकडचे शेत मात्र मोजण्यासारखे राहिले नव्हते. जवळजवळ एक एकर धान लोळवून चिखलात मिळवलेले होते. शेतकरी म्हातारा होता. तो डुकराकडे पाहत नव्हता, शेताकडेही पाहत नव्हता. बांधावर बसून वनखात्याच्या माणसाची वाट पाहत होता. रानच्या जनावराने पीक खाल्ले तर सरकारकडून भरपाई मिळते, एवढे त्याला ठाऊक होते, आणि त्या सकाळी तेवढाच आधार त्याला होता.

इतक्यात गावातला एक वृद्ध पुढे आला. आयुष्यभर गुरे राखलेला माणूस. त्याने डुकराचे ओठ वर करून सुळे पाहिले. अंगाच्या मानाने ते फारच आखूड होते. मग त्याने काठीने मागचा पाय बाजूला सारला, क्षणभर वाकून पाहिले आणि शांतपणे म्हणाला, “ये बरहा नो हे, सूरा आय.” संतांच्या मराठीत वाढलेल्या आमच्या कानांना त्यातला ‘नोहे’ ओळखीचा वाटला, पण जमावाला त्याचा अर्थ आमच्याहून लवकर कळला. डुक्कर खच्ची केलेले होते. खच्ची केलेल्या नराचे सुळे वाढत नाहीत, अंग मात्र वाढते. रानात वैद्य नसतो. या जनावराच्या लहानपणी कोणाच्या तरी अंगणात कोणी तरी त्याला धरले होते, आणि मांसासाठी पोसायचे म्हणून त्याच्यावर ते संस्कार केले होते.

ते अंगण कोणाचे? पलीकडच्या पाड्यावर काही घरे डुकरे पाळून पोट भरतात. त्यांतले दोन-तीन जण गर्दीच्या कडेला उभे होते. त्यांपैकी कोणी पुढे आला नाही. ‘माझे’ म्हणावे तर एकरभर धानाची किंमत अंगावर येते. २०२३ च्या खरिपापासून छत्तीसगढात सरकारी खरेदी एकरी २१ क्विंटलपर्यंत, क्विंटलला ३,१०० रुपये दराने होऊ लागली. हिशेब ६५,१०० रुपयांवर जातो. ज्याचे सारे घर त्या डुकरावर वर्षअखेरीची भिस्त ठेवून होते, तो एवढे कोठून आणणार? डुकराच्या मागच्या खुराजवळ करपल्याचा डाग होता. त्या डागाकडे पाहून न पाहिल्यासारखे करणारेही त्या गर्दीत होते. तार कोणी सोडली, हे कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितले नाही. डुक्कर रानचे ठरले तर तार सोडणारा गुन्हेगार; डुक्कर घरचे ठरले तर तो दुसऱ्याच्या मालाचा घातकी. त्यालाही गप्प राहण्यावाचून गत्यंतर नव्हते.

महाभारताच्या वनपर्वात अर्जुन तपाला बसला असता त्याच्यावर एक वराह धावून येतो. तो खरा वराह नसतो. मूक नावाचा दानव त्या रूपाने आलेला असतो. अर्जुनाचा बाण आणि किरातवेषधारी शंकराचा बाण एकाच वेळी त्याला लागतात, आणि शिकार कोणाची यावरून दोघांत युद्ध जुंपते. एका वराहावर दोघांचा हक्क. आमच्या डोळ्यांसमोर त्याच्या उलट घडत होते. येथेही वराहाचे रूप खरे नव्हते. पण येथे त्याच्यावर हक्क सांगणारा एकही नव्हता. मारणारा नाही, पाळणारा नाही. दुपारी खड्डा खणून ते पुरण्यात आले. उठता उठता तो म्हातारा शेतकरी एवढेच म्हणाला, “बरहा खाइस त सरकार देही, सूरा खाइस त कोन देही?” त्याला भरपाई मिळाली नाही.

या प्रश्नावर आम्ही पुष्कळ विचार केला. कोणी म्हणेल, की त्या वृद्धाने पाय बाजूला सारला नसता तर काय बिघडले असते? डुक्कर रानचे ठरले असते, शेतकऱ्याला चार पैसे मिळाले असते, पाड्यावरचा माणूस मोकळ्या मनाने घरी गेला असता. कायद्याच्या दृष्टीने वन्य प्राणी म्हणजे अनुसूचीत नाव असलेला आणि निसर्गात रानटी स्थितीत आढळणारा प्राणी. १९७२ च्या वन्यजीव अधिनियमात रानडुकराचे नाव तेव्हापासून आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या अनुसूचीत आले. कागदावर एक शब्द इकडचा तिकडे झाला असता, तर त्यात एका गरिबाचे भलेच होते. हा युक्तिवाद हलका नाही. त्या दिवशी शेतकऱ्याचे तोंड पाहून आम्हांलाही तो मनापासून पटावासा वाटला.

पण त्या मोठ्या खोट्या बरहाचे पुढचे चरित्र पाहिले पाहिजे. तो एका शेतापुरता राहत नाही. त्याची कथा दहा गावांत जाते, प्रत्येक गावात चार बोटे वाढते, आणि ज्याने ती ऐकली तो रात्री शेताभोवती विजेची तार सोडतो. हत्तीएवढ्या राक्षसापुढे काठी, डबा वाजवणे, मचाण किंवा बांबूचे कुंपण यांचा काय पाड, असे त्याला वाटते. डुकरांसाठी सोडलेल्या अशा तारांना लागून छत्तीसगढात खरेखुरे हत्ती मेले आहेत. तारेची वार्ता नसलेली, रात्री शेतातून जाणारी माणसेही मेली आहेत. शेतात येणारे जनावर शेजारच्या पाड्यावरचे, चार फूट नऊ इंचांचे, माणसाच्या हाकेला ओळखणारे आहे असे ठाऊक असते, तर कोणी तार सोडली असती असे आम्हांला वाटत नाही. त्याने पाड्यावर जाऊन भांडण केले असते. भांडणाने माणूस मरत नाही. दोन महिन्यांत वाडा बांधला जातो.

शिवाय मूळ कळल्यावाचून उपायही कळत नाही. रानचे डुक्कर येत असेल तर कायद्याने त्यालाही मार्ग ठेवला आहे. पिकाचा नाश करणाऱ्या जनावराबाबत वनाधिकाऱ्याकडून परवानगी मिळू शकते, आणि बिहार व उत्तराखंड या राज्यांत २०१५-१६ साली केंद्र सरकारने ठराविक मुदतीसाठी रानडुकराला उपद्रवी प्राणी जाहीर केले होते. घरचे डुक्कर येत असेल तर यांतला एकही उपाय लागू पडत नाही. तेथे पाहिजे तो गोठा, खुराडा, गावाची नोंदवही, आणि मालकाला एका दिवसात देशोधडीला न लावणारी अशी दंडाची रीत. तीच गोष्ट रोगाची. आफ्रिकी डुक्करताप २०२० साली आसाम व अरुणाचल प्रदेशातून प्रथम आपल्या देशात आढळला. तो बरहा आणि सूरा असा भेद करीत नाही. आपण मात्र भेद करूनच दोघांना वाचवू शकतो, कारण एकाला कोंडता येते आणि दुसऱ्याला येत नाही.

या चौकशीचा आम्हांला इतका सोस का, असे आमच्या घरच्यांनी विचारले. त्याचे एक कारण आम्ही कोण आहोत यातही असावे. बृहन्महाराष्ट्रातील मराठी माणसाला आयुष्यात एक प्रश्न शेकडो वेळा विचारला जातो: “आप मूलतः कहाँ के?” रायपूरला जन्म, रायपूरला शाळा, हातापायांना येथल्या तलावांचे पाणी, तरी प्रश्न चुकत नाही. आणि आपणही त्याचे उत्तर देताना आकाराकडे झुकतो. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४१ साली छत्तीसगढात आल्या, १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले रतनपुरास राहून राज्य करीत होते. हा इतिहास खरा. पण येथील मराठी घरांत ज्या कथा चालतात त्या सर्व खऱ्या धरल्या, तर बिंबाजींच्या फौजेत केवळ सरदारच होते, शिपाई एकही नव्हता. कारकून, भिक्षुक, आचारी, पुढे रेल्वेबरोबर आलेले बाबू आणि मास्तर हे आपले खरे पूर्वज कोणाच्याच वंशावळीत सापडत नाहीत. त्यांनाही मालक नाही. चार फूट नऊ इंचांचा प्रामाणिक आजोबा आपल्याला पुरत नाही. आपल्याला बारा फुटी लागतो.

यात काही बिघडत नाही, असे पूर्वी आम्हांला वाटे. लग्नकार्यात चार घटका करमणूक होते एवढेच. आता तसे वाटत नाही. मोठेपणाच्या प्रत्येक कथेखाली कोणी तरी लहान माणूस दबलेला असतो, आणि त्याचे देणे राहून गेलेले असते. घराण्याच्या कथेत तो कारकून असतो. डुकराच्या कथेत एक शेतकरी, एक डुक्कर पाळणारा आणि अंधारातून घरी जाणारा एक वाटसरू.

छत्तीसगढात धान खरेदीच्या केंद्रावर पोत्याचे वजन काट्यावर होते. किलो-अर्धा किलोवरून वाद घालणारी माणसे तेथे आम्ही पाहिली आहेत. त्याच धानावर पोसलेल्या जनावराचे वजन मात्र तोंडावर होते. गावाच्या कोतवालापाशी एक फीत असावी, पाड्यावरच्या डुकरांच्या कानांवर खूण असावी, नुकसान घरच्या जनावराने केले तरी शेतकऱ्याला थोडेफार हाती मिळेल अशी गावची पेटी असावी, अशा अगदी साध्या सूचना आम्ही जेथे संधी मिळेल तेथे करतो. त्या ऐकून लोक मान डोलावतात आणि गेल्या वर्षीच्या बरहाची उंची सांगू लागतात.

तरी आम्ही विचारणे सोडलेले नाही. लोंब्या भरल्या आहेत, रात्री लांबत चालल्या आहेत, आणि कोठे तरी कोणी तारेचे वेटोळे खांद्यावर घेऊन शेताकडे निघाला असेल. त्याला भागवत सांगायला नको आणि गुणसूत्रेही सांगायला नकोत. तार खांबाला जोडण्यापूर्वी पाड्यावर जाऊन, आज कोणाचे डुक्कर घरी आले नाही, एवढे त्याने विचारावे.